मेन्यू कार्ड कुणाच्या हातात?

दिवाळीच्या आसपास, आणि मग पुन्हा नाताळात, तुमच्याही फोनवर ही रील येऊन गेली असेल. रेस्टॉरंटच्या दारात मिनीबस थांबते. एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं रांगेत उतरतात. दारात कुणीतरी त्यांना ओवाळतं, नाहीतर टाळ्या वाजवतं. मग लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मुलं, समोर नान, पनीर, फ्राइड राइस, गुलाबजाम. एक मुलगा अख्खा गुलाबजाम तोंडात टाकतो, तिथे स्लो मोशन. मालक हात जोडतात. मुलं एका सुरात 'थँक्यू अंकल' म्हणतात. शेवटी देण्यातल्या आनंदाबद्दल एक ओळ येते आणि तीस सेकंद संपतात.

अशा रीलची कुणी समीक्षा करत नाही. चांगल्या कामाला नावं ठेवू नयेत, असं आपल्याला घरीच शिकवलेलं असतं. पण ही कथा आहे. तिला सुरुवात आहे, पात्रं आहेत, शेवट आहे, आणि कुठून बघायचं हे ठरवणारा निवेदक आहे. मग पुस्तकातल्या कथेला आपण जे प्रश्न विचारतो ते हिलाही विचारायला काय हरकत आहे? यात बोलतं कोण? नाव कुणाला आहे? कॅमेरा कुणाच्या खुर्चीत बसलाय?

पहिलं उत्तर सोपं आहे. बोलतो तो मालक. मुलं बोलतात ती कोरसमध्ये. नाव मालकाला आहे, हॉटेलला आहे, कधी संस्थेला असतं. मुलाचं नाव नसतं, आणि ते नसणं बरंही आहे, त्याच्याकडे नंतर येतो. पण नाव सोडा, या कथेत मुलाला आवडनिवडसुद्धा नाही. त्याला सगळंच आवडतं. गुलाबजाम नको म्हणणारा, पनीर बाजूला सारणारा, 'मला डोसा पाहिजे होता' म्हणून फुगून बसलेला मुलगा मी अजून एकाही रीलमध्ये पाहिलेला नाही. चाळीस मुलांत असा एकही नसेल? माझ्या एकट्या भाचीला जेवायला नेलं तरी तीन वेळा ऑर्डर बदलते.

माझा या विषयाशी संबंध जरा आडवळणाचा आहे. मी इंजिनियर आहे आणि रेस्टॉरंटचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. तुम्ही टेबलावर ऑर्डर देता तेव्हा वेटर ती मशीनमध्ये टाकतो आणि आत किचनमध्ये एक चिठ्ठी छापली जाते. तिला केओटी म्हणतात, किचन ऑर्डर टिकिट. त्यावर टेबल नंबर असतो, पदार्थ असतो, किती नग ते असतं, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: कांदा नको, तिखट कमी, चटणी वेगळी. या सूचनांच्या रकान्याला आमच्याकडे मॉडिफायर म्हणतात. सगळ्यात जास्त बग तिथेच येतात, कारण माणसं काय काय मागतील याला अंत नसतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात पुण्यातल्या एका हॉटेलात नवीन व्हर्जन टाकायला गेलो होतो. त्या दिवशी दुपारी एका संस्थेची मुलं जेवायला येणार होती. कॅप्टनने माझ्यासमोरच एन्ट्री केली: एनसी, फिक्स मेन्यू, चाळीस पॅक्स. एनसी म्हणजे नॉन-चार्जेबल, फुकट; पॅक्स म्हणजे डोकी. एक ओळ, एक आकडा. मॉडिफायरचा रकाना रिकामा. मुलं आली, बसली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीने स्टँडवरचं मेन्यू कार्ड उचललं आणि वाचायला लागली. वाचत होती म्हणजे बोट फिरवत एकेक नाव पुटपुटत होती: मंचाव, मंच्युरियन, सिझलर. वेटर आला, प्रेमाने हसला, 'तुमचं सगळं ठरलेलं आहे हां, बेटा' म्हणाला आणि कार्ड घेऊन गेला. तो काही वाईट वागला नाही. टेबलावर जागा हवी होती, भांडी यायची होती. शूटिंग करणाऱ्याने तेवढ्यात कॅमेरा चालू केला नव्हता, त्यामुळे हा भाग रीलमध्ये असणं शक्यच नव्हतं.

माझं म्हणणं त्या कार्डाबद्दल आहे.

जेवण तर घरीही मिळतं, शाळेतही मिळतं. रेस्टॉरंट म्हणजे त्यापेक्षा वेगळं काय? बाहेर पैसे देऊन जेवायची सोय जगात फार जुनी आहे. पण जुन्या खानावळीत ठरलेल्या वेळी जायचं, एका मोठ्या टेबलावर सगळ्यांनी बसायचं आणि मालक जे ठेवेल ते खायचं, अशी पद्धत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये वेगळी जागा तयार झाली. 'रेस्टॉरंट' हे आधी अंगात ताकद आणणाऱ्या एका सूपचं नाव होतं, मग ते विकणाऱ्या जागेचं झालं. रेबेका स्पँग या इतिहासकार बाईंचं 'द इन्व्हेन्शन ऑफ द रेस्टॉरंट' (२०००) हे पुस्तक या बदलावरच आहे. या नव्या जागेत तुम्ही तुमच्या वेळेला येता, तुमच्या वेगळ्या टेबलावर बसता, आणि एक छापील यादी बघून तुम्हाला हवं ते मागवता. म्हणजे रेस्टॉरंटमध्ये जी नवी गोष्ट होती, ती निवड.

आता पुन्हा रीलकडे बघा. एक वेळ, एक लांब टेबल, एक मेन्यू. आपण मुलांना रेस्टॉरंटमध्ये नेतो आणि तिथे त्यांना रेस्टॉरंटच्या आधीचं जेवण देतो. एसी असतो, नॅपकिनचे त्रिकोण असतात, पण ज्यासाठी माणूस रेस्टॉरंटमध्ये जातो, तेवढंच काढून घेतलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे पंगत असते, तिथे कुठे मेन्यू कार्ड असतं? खरंय. पण पंगतीत आज वाढणारा उद्या जेवायला बसतो. आज तुम्ही माझ्याकडे आलात, पुढच्या महिन्यात मी तुमच्या मुंजीला. ही देवघेव असते, म्हणून पंगतीतला आग्रह गोड लागतो. (आणि कोण कुणाच्या पंगतीला बसू शकत होतं, कुणाची पंगत शेवटी आणि अंगणात पडायची, हा इतिहास आपल्याला चांगलाच माहीत आहे. तेव्हा पंगतीचं कौतुक जरा जपूनच.) संस्थेतली मुलं मालकाला परत जेवायला बोलावणार नसतात. ज्याला परतफेड करता येत नाही त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली जाते, ती म्हणजे हसरा चेहरा. रीलमध्ये तो मुलाने द्यायचा असतो.

चेहरा बघण्यासाठी माणसं चक्क तिकीट काढत, असाही काळ होऊन गेला. १८९९ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये साल्व्हेशन आर्मीने गरिबांसाठी प्रचंड मोठं जेवण ठेवलं होतं. हजारो माणसं जेवली. आणि वरच्या बॉक्समध्ये, गॅलऱ्यांमध्ये शहरातले सुस्थितीतले लोक पैसे भरून बसले होते, खाली गरीब कसे जेवतात ते बघायला. स्टीफन निसेनबॉम यांच्या 'द बॅटल फॉर ख्रिसमस' या पुस्तकात हा प्रसंग येतो. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा, काय माणसं होती, असं वाटलं. मग लक्षात आलं की त्या गॅलरीला आता तिकीट लागत नाही आणि ती माझ्या खिशातच आहे. फरक एवढाच की गॅलरीतल्या माणसाला अख्खं जेवण बघावं लागत होतं. त्याला खाली भांडणारी, उष्टं टाकणारी, घाईघाईत खिशात भरणारी माणसंही दिसली असतील. मला एडिट केलेली तीस सेकंद मिळतात.

नाताळातल्या दानाची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट डिकन्सची, 'अ ख्रिसमस कॅरोल', १८४३ ची. कंजूष स्क्रूज एका रात्रीत सुधारतो आणि सकाळी दुकानातली सगळ्यात मोठी टर्की विकत घेऊन आपल्या कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या घरी पाठवतो. एवढं सगळ्यांना आठवतं. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, ती कुणी पाठवली हे बॉबला कळू द्यायचं नाही असं स्क्रूज ठरवतो. बॉबच्या टेबलाभोवती कुणी प्रेक्षक नाही. ती टर्की त्याच्या घरात, त्याच्या माणसांत, त्याला हवी तशी खाल्ली जाणार. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या दिवशी बॉब कामावर येतो तेव्हा स्क्रूज त्याचा पगार वाढवतो.

आपल्या रीलमधला बॉब क्रॅचिट कुठे आहे? आत, किचनमध्ये. दिवाळी हा हॉटेलचा सीझन, त्यामुळे भांडी घासणारा, तंदूर सांभाळणारा, फरशी पुसणारा माणूस त्याच आठवड्यात सुटी मागू शकत नाही. त्याचीही मुलं कुठेतरी गावात दिवाळी करत असतात, त्याच्याशिवाय. मुलं आणि हॉटेल यांचं आपल्याकडचं जुनं नातं तर जेवायला बसण्याचं नव्हतंच. ते टेबल पुसण्याचं होतं. हॉटेलातला 'पोऱ्या', 'बारक्या', 'छोटू' हे शब्द काही आकाशातून पडलेले नाहीत. धाबे, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या आणि घरकाम इथे चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. माझ्या शाळेच्या दिवसांतली गोष्ट आहे. त्यामुळे हॉटेलने एखाद्या दिवशी मुलांना खुर्चीवर बसवणं ही लहान गोष्ट नाही, हे मला मान्यच आहे. म्हणूनच त्या खुर्चीसोबत कार्डही मिळायला हवं होतं असं वाटतं.

ही सगळी दृश्यं देणाऱ्याच्या बाजूने झाली. घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं असं एक जेवण मराठीत आहे, आणि माझ्या मते त्याच्यापुढे वरचं सगळं फिकं पडतं. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'ची (१९८४) सुरुवात शाळेच्या सहलीने होते. सगळी मुलं डबे घेऊन गेलेली. जेवायची वेळ होते तेव्हा सवर्णांची मुलं एकीकडे आणि महारांची मुलं दुसरीकडे बसतात. एकीकडे लाडू, भाज्या, पक्वान्नं, दुसरीकडे भाकरी. मग त्या मुलांनी उरलेलं अन्न या मुलांना दिलं जातं. ते गाठोडं घेऊन निघालेली मुलं, त्या गाठोड्याकडे लागलेलं सगळं लक्ष, आणि मग त्यावर तुटून पडणं.

घटना म्हणून बघितली तर आपली रील आणि ही सहल एकच आहे. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी ज्यांच्याकडे नाही त्या मुलांना चांगलंचुंगलं खायला दिलं. मुलांना ते आवडलंही. लिंबाळे ते लपवत नाहीत, चव होती हे सांगतात. तिथे कुणी रील काढली असती तर हसरे चेहरेच मिळाले असते. पण लिंबाळ्यांचं निवेदन तिथे थांबत नाही. मुलगा घरी जातो, आईला सांगतो. आई त्याला विचारते की माझ्यासाठी थोडं का नाही आणलंस?

हा प्रश्न वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आपल्या सगळ्या सणाच्या जेवणांत, रील्समध्ये, फोटोंत ही आई कुठेच नाही. कॅमेऱ्यातला गरीब मुलगा नेहमी एकटा असतो, जणू तो मिनीबसमध्येच जन्मला आणि जेवण झालं की मिनीबसमध्येच विरघळणार. पण संस्थांतल्या, वस्त्यांतल्या सगळ्याच मुलांना कुणी नसतं असं नाही. पुष्कळांना आई असते, धाकटा भाऊ असतो, आजी असते. पोट भरलेल्या मुलाच्या डोक्यात पहिला विचार काय येत असेल? आपल्याला हॉटेलात येतो तोच: हे घरी न्यायला मिळेल का? आपण सहज 'पार्सल कर दे' म्हणतो. मी त्या दिवशी दुपारभर तिथे होतो, एकाही मुलाने पार्सल मागितलं नाही. मागायचं नसतं, हे मुलांना बसमध्ये चढायच्या आधीच कळलेलं असतं.

आणि लिंबाळ्यांची ती सहल आईपाशीही संपत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात सांगतात, सहलीवर निबंध लिहा. त्या मुलाला तो निबंध सुरूच करता येत नाही. गुरुजींना हवा होता तो निबंध म्हणजे आजची रील: निसर्ग, गंमत, आनंद, सगळ्यांनी मिळून जेवलो. मुलाकडे त्या फॉर्मॅटमध्ये बसणारं काहीच नव्हतं. पुढे मोठा होऊन त्याने तो निबंध आपल्या पद्धतीने लिहिला आणि ते 'अक्करमाशी' झालं. मला कायम वाटतं, आजच्या रील्समधलं कुणीतरी वीस वर्षांनी असंच काहीतरी लिहील. तोपर्यंत ती रील सर्व्हरवर पडून असेल, चेहऱ्यासकट.

चेहऱ्याचा मुद्दा आला म्हणून कायद्याचं थोडं. बाल न्याय कायदा, २०१५, याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर किंवा त्याचा फोटो छापायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमाची भाषा चौकशी आणि न्यायप्रक्रियेच्या बातम्यांभोवती फिरते, त्यामुळे गुलाबजामच्या रीलला ते लागतं का यावर वकील भांडतील. पण त्यामागचा विचार साधा आहे. मूल संस्थेत आहे ही त्याची खाजगी गोष्ट आहे.

दुसरा कायदा याहून मजेशीर. सिनेमात, जाहिरातीत काम करणाऱ्या बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स डिपॉझिटला टाकावा लागतो. म्हणजे हॉटेलने हीच तीस सेकंद ऑडिशन घेऊन, भाड्याच्या मुलांकडून करून घेतली असती, तर त्यातल्या प्रत्येक मुलाच्या नावाने बँकेत पैसे पडले असते. खरी गरजू मुलं घेतली की ती जाहिरात राहत नाही, समाजकार्य होतं, आणि मोबदला म्हणून नान मिळतो. 'प्रसिद्धी नसेल तर कुठला हॉटेलवाला करेल हो?' हे वाक्य मी बऱ्याच समजूतदार लोकांकडून ऐकलंय. बरोबर असेल. मग ती जाहिरात आहे असं म्हणू आणि तिचा हिशोब जाहिरातीसारखा करू.

वेगळ्या पद्धतीने करणारे आहेत. माद्रिदमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये पाद्रे आंखेल या धर्मगुरूंच्या संस्थेने 'रॉबिन हूड' नावाचं रेस्टॉरंट सुरू केलं. दिवसा तिथे पैसे देणारी गिऱ्हाइकं जेवणार, आणि त्या पैशांवर रात्री बेघर माणसं. रात्रीसुद्धा टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास, ताटात आणून वाढणारे वेटर. तिथे रांग नाही, हातात ट्रे नाही. त्याच्या आदल्या वर्षी, मिलानच्या एक्स्पोच्या वेळी, मास्सिमो बोत्तुरा या नामवंत शेफने एका जुन्या, बंद पडलेल्या थिएटरमध्ये 'रेफेत्तोरिओ' उघडलं आणि जगभरचे मोठे शेफ बोलावून, एक्स्पोतल्या उरलेल्या अन्नसामग्रीतून गरजूंसाठी स्वयंपाक करवला. त्यावर पीटर स्वाटेक यांची 'थिएटर ऑफ लाइफ' ही डॉक्युमेंटरी आहे. शेफ मंडळी तीत भरपूर मिरवतात, ते जरा जास्तच आहे. पण कॅमेरा जेवायला आलेल्या काही माणसांच्या मागे बाहेर रस्त्यावरही जातो, त्यांना नाव आणि भूतकाळ देतो. दाराशी थांबत नाही, ही त्या फिल्मची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? २६ जानेवारी २०२० ला राज्यात सुरू झालेली शिवभोजन थाळी आठवा: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपये. निवड तिथेही नाही. पण दहा रुपये काउंटरवर ठेवणारा माणूस 'भात कच्चा आहे' असं म्हणू शकतो. त्या दहा रुपयांनी जेवणाचा खर्च निघत नाही, तक्रारीचा हक्क मात्र निघतो. फुकट जेवलेल्या मुलाला तो नसतो. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला ऑलिव्हर फक्त अजून थोडं वाढा म्हणाला होता, तेही मुलांनी चिठ्ठ्या टाकून त्याच्यावर ती कामगिरी ढकलली म्हणून, आणि अख्ख्या संस्थेत हलकल्लोळ झाला.

त्या हॉटेलच्या मॅनेजरशी मी यावर बोललो होतो. तो वैतागलेला होता, पण त्याने मुद्द्याचं सांगितलं. दिवाळीत दुपारी दीड वाजता चाळीस मुलांनी चाळीस वेगळ्या ऑर्डरी दिल्या तर किचन बसेल. अर्धी मुलं उपाशी, बाहेर वेटिंगला गिऱ्हाइकं, वर शेफ राजीनामा देईल. हे शंभर टक्के खरं आहे. आमच्याच सिस्टिममध्ये मी त्या वेळचा लोड बघितलाय.

पण हॉटेलच्या दिवसात साडेतीन ते साडेसहा हा एक मेलेला वेळ असतो, आणि आठवड्यात मंगळवार असतो. तेव्हा तंदूर तापलेला असतो आणि पोरं मोबाइल बघत बसलेली असतात. सणाला संस्थांकडे देणाऱ्यांची गर्दी होते. जूनमध्ये किंवा भाद्रपदात फारसं कुणी फिरकत नाही. अशा एखाद्या मंगळवारी चाळीसऐवजी आठ मुलं आली तर? चारचार जणांची दोन टेबलं. ओवाळणी नाही, बॅनर नाही, कॅमेरा नाही. प्रत्येकाच्या हातात कार्ड. वाचायला वेळ लागेल, लागू द्या. कुणीतरी सिझलर मागवेल आणि धूर बघून घाबरेल. कुणीतरी तीन वेळा ऑर्डर बदलेल. वेटर येऊन सांगेल, सॉरी, मशरूम संपलंय, आणि मुलगी तोंड वाकडं करून पुन्हा यादीत बोट फिरवायला लागेल. बिलावर एनसी लिहायचं तर लिहा. पण आत आठ ओळी छापल्या जातील, खाली बारीक अक्षरात कांदा नको, तिखट कमी, आणि एका ओळीपुढे: पार्सल.